आठवड्याची कमाई, आठवड्याची बचत

(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाच्या गप्पा’ या कार्यक्रमात झालेलं भाषण)

आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आम्ही अकराजणी आहोत. भाषण एकीच्या तोंडून होतंय, पण ते लिहिलंय सगळ्यांनी मिळून, दोन बैठकांमध्ये. काय सांगायचं आणि काय झाकायचं यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, की झाकायचं काहीच नाही, फक्त कुणाचं नाव घ्यायचं नाही.

विषय आहे आपल्या पोरांच्या शहरातल्या कामाचा. आपल्या भागात दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघायची. अजूनही निघतात. पण आता बारावी झालेली, आयटीआय केलेली पोरं कोयता हातात घेत नाहीत. ती पाठीला पिशवी लावून एसटीत बसतात. नगर, शिरूर, वाघोली करत पुण्यात उतरतात. चौघं मिळून एक खोली घेतात आणि मोबाइलवरच्या ॲपवर काम सुरू करतात. कुणी जेवणाची पार्सलं पोचवतं, कुणी किराणा पोचवतं, कुणी दुचाकीवर सवारी नेतं. काही मुली लोकांच्या घरी जाऊन पार्लरचं काम करतात. आमच्या अकरा घरांपैकी सहा घरांतलं कुणी ना कुणी आज या कामात आहे.

या कामाला ‘गिग’ काम म्हणतात. म्हणजे पगार नाही, जेवढ्या ऑर्डरी तेवढे पैसे. कंपनी आपल्या पोराला कामगार म्हणत नाही, पार्टनर म्हणते, म्हणजे भागीदार. नाव मोठं आहे. पण गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा आणि पडला तर हाडंही त्याचीच.

हे काम वाईट आहे असं सांगायला आम्ही आलेलो नाही. या कामानं आमच्या गावात दोन घरांवर स्लॅब पडलाय, एका मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चाललंय. सांगायचं एवढंच, की या कामात पैसा दिसतो फार आणि उरतो थोडा. तो उरवायचा कसा, हे आम्ही ठेच लागून शिकलो.

झालं असं. दीड वर्षापूर्वी दसऱ्याच्या सुमारास आमच्या गटातल्या एका ताईनं पंचवीस हजारांचं कर्ज मागितलं. मुलाला पुण्यात डिलिव्हरीच्या कामासाठी गाडी घ्यायची होती. गाडी फायनान्सवर निघणार होती, पण सुरुवातीचे रोख पैसे हवे होते. गटात चर्चा झाली. एक काकू म्हणाल्या, “शेळीला कर्ज दिलं तर शेळी दिसते, गाडी पुण्यात फिरणार, आपल्याला काय दिसणार?” दुसरी म्हणाली, “पोरगं निर्व्यसनी आहे, द्या.” शेवटी दिलं. दहा हप्ते, दरमहा अडीच हजार आणि त्यावरचं व्याज.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार हप्ते वेळेवर आले. मार्चमध्ये हप्ता आला नाही. ताई म्हणाली, पुढच्या बुधवारी देते. पुढच्या बुधवारीही आला नाही. आता गावात कुजबुज कशी चालते हे तुम्हाला सांगायला नको. पोरगं बिघडलं, शहराची हवा लागली, मोबाइलवर पत्ते खेळतंय, असं काहीबाही सुरू झालं.

रंगपंचमीला मढीच्या यात्रेसाठी पोरगं गावी आलं. आम्ही त्याला बैठकीत बोलावलं. रागवायला नाही, विचारायला. त्यानं मोबाइल उघडून दाखवला. “मावशी, हे बघा, आठवड्याला सहा हजार तीनशे आलेत. मी खोटं बोलत नाही. पण राहत नाहीत. कुठं जातात, मलाच कळत नाही.”

मग आमच्या गटाची सचिव वही घेऊन बसली. ‘उमेद’च्या प्रशिक्षणात पंचसूत्री शिकवतात ती आम्हाला तोंडपाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. त्यातलं पाचवं सूत्र त्या दिवशी आम्ही पोराला लावलं. हा हिशोब तुम्हीही कागद-पेन्सिल घेऊन लिहा.

एका आठवड्यात ॲपवर दिसलेले पैसे : ६,३०० रुपये. यात बोनसही आला.

आता कामाचा खर्च. दिवसाला शंभर-एकशेदहा किलोमीटर गाडी फिरते, आठवड्याचे सहा दिवस. पेट्रोल १,५०० रुपये. गाडीचा फायनान्सचा हप्ता महिन्याला ३,२००, म्हणजे आठवड्याला ८००. ऑइल, टायर, ब्रेक, पंक्चर यांचे सरासरी २५०. मोबाइलचा रिचार्ज ९०. बेरीज झाली २,६४० रुपये. ६,३०० मधून ते वजा केले, राहिले ३,६६०. ही झाली खरी कमाई.

मग राहण्याचा खर्च. खोलीभाडं आणि लाइटबिल चौघांत वाटून महिन्याला २,५००, म्हणजे आठवड्याला ६२५. मेसचे महिन्याला ३,२००, म्हणजे आठवड्याला ८००. चहा-नाश्त्याचे ४००. बेरीज १,८२५. राहिले १,८३५ रुपये.

महिना चार आठवड्यांचा धरला तर हातात ७,३४० रुपये. त्यातून आमचा अडीच हजारांचा हप्ता, नव्या फोनचा हप्ता १,९०० आणि घरी पाठवायचे दोन हजार. उरले साडेनऊशेच्याही आत. त्यात गाडीचं एखादं मोठं काम निघालं की सगळं गणित कोसळतं. फेब्रुवारीत तेच झालं होतं. गाडीचं काम निघालं आणि त्यानं मोबाइलवरच्या एका कर्ज देणाऱ्या ॲपवरून आठ हजार उचलले. ते फेडताना आमचा हप्ता राहिला. पोरगं बिघडलं नव्हतं, त्याचा हिशोब बिघडला होता.

आणखी एक आकडा आम्ही काढला. तो दिवसाला अकरा तास रस्त्यावर असतो. सहा दिवसांचे झाले सहासष्ट तास. ३,६६० ला सहासष्टानं भागलं, तर तासाला पंचावन्न रुपये पडले. आमच्याकडे खुरपणीला दिवसाचे तीनशे मिळतात, तेही रोज नाही. म्हणजे त्याची कमाई आमच्यापेक्षा बरी आहे. पण तो स्वतःला आठवड्याला सहा हजार कमावणारा समजून खर्च करत होता. खरी कमाई होती साडेतीन हजारांच्या थोडी वर. घोळ तिथं होता.

आमच्यातल्या एका मावशींनी वीस वर्षं कोयता चालवलाय. त्या तेव्हा एक बोलल्या ते आम्हाला अजून आठवतं. म्हणाल्या, “ही उचलच आहे गं. आम्ही मुकादमाची उचल घ्यायचो आणि पट्टा पडेपर्यंत ती फेडत बसायचो. यानं गाडीची उचल घेतली, फोनची उचल घेतली, ॲपची उचल घेतली. फरक एवढाच, की आमचा मुकादम समोर दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचं. याचा मुकादम फोनात बसलाय.”

खरं आहे ते. दर कमी झाला तर कुणाला विचारायचं, हे त्या पोरांना कळत नाही. गिऱ्हाइकानं कमी तारे दिले तर काम कमी येतं. सणाला गावी आलं तर बोनस बुडतो. नियम कधी बदलले ते मोबाइलवरच कळतं.

त्या दिवशी बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. पहिली, ॲपवरचं कर्ज आधी फेडायचं आणि पुन्हा तिकडं जायचं नाही. दुसरी, ॲपचे पैसे ज्या आठवड्यात जमा होतील त्याच आठवड्यात पाचशे रुपये आईच्या खात्यावर टाकायचे, खर्च नंतर. तिसरी, रोजचे किलोमीटर आणि पेट्रोल एका छोट्या वहीत लिहायचं. आपला गट आठवड्याला बसतो, त्यांची कमाई आठवड्याला येते. दोघांचा वार जुळवला एवढंच. आपला दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, तेव्हा आपण पेंडीचे पैसे आधी बाजूला काढतो आणि मग बाजाराला जातो. तसंच हे.

मार्चचा हप्ता बुडीत धरून आम्ही पुढं सरकवला. एप्रिल, मे, जूनचे हप्ते वेळेवर आले. सात हप्ते फिटले, साडेसात हजार राहिले. आईच्या खात्यावर चौदा आठवड्यांत सात हजार जमले. आम्ही खुशीत होतो.

आणि जुलैमध्ये फोन आला. रात्री साडेदहाला, पाऊस चालू असताना, खराडीजवळ गाडी घसरली. पायाचं हाड मोडलं.

मैत्रिणींनो, पुढचं नीट ऐका. असा फोन कुणाच्याही घरी येऊ शकतो.

खोलीतल्या पोरांनी त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथं आधी वीस हजार भरायला सांगितले. पोरांनी इकडून तिकडून गोळा करून भरले. रेशनकार्ड होतं गावाला, पत्र्याच्या पेटीत. दुसऱ्या दिवशी ताई आणि आमच्यातल्या दोघी कागदपत्रं घेऊन पुण्याला गेल्या. त्याला सरकारी रुग्णालयात हलवलं आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं. त्याचे पैसे लागले नाहीत. पण आधीचे वीस हजार गेले ते गेलेच. रेशनकार्डाचा आणि आधारचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असता, तर पहिल्याच रात्री त्या पोरांनी त्याला योजनेच्या रुग्णालयात नेलं असतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्र सरकारची वेगळी योजना मे २०२५ पासून लागू झालीय. अपघात झालेल्या माणसाला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयात रोख पैसे न भरता मिळतात. आम्हाला हे माहीत नव्हतं म्हणून मागता आलं नाही. तुम्ही लक्षात ठेवा. अपघात झाला की १०८ ला किंवा ११२ ला फोन करायचा आणि रुग्णालयात या योजनेचं नाव घेऊन विचारायचं.

कंपनीचा विमा होता का? होता. पण तो ऑर्डर चालू असतानाच लागू होता. शेवटची ऑर्डर देऊन, ॲप बंद करून पोरगं खोलीवर निघालं होतं. त्यामुळं अर्ज नामंजूर झाला. ॲप बंद करून चालवलेली गाडी म्हणजे घरी जाणारा माणूस, असा त्यांचा नियम. तो नियम वाचून काम सुरू करायला हवं होतं. आम्ही कर्ज देतानाही तो विचारला नव्हता. ती चूक आमची.

तीन महिने पोरगं घरी. कमाई पहिल्या दिवसापासून शून्य. गाडीच्या फायनान्सचा हप्ता मात्र चालू. जमलेल्या सात हजारांतून दोन महिन्यांचे हप्ते गेले. तिसऱ्यासाठी ताईनं दोन शेळ्या विकल्या. ते सात हजार नसते तर चारही शेळ्या गेल्या असत्या, नाहीतर गाडी ओढून नेली असती.

आमची ताई दोन बुधवार बैठकीला आली नाही. लाज वाटत होती. गटात एक-दोघी बोलल्याही, की पैसे बुडाले आता. ज्यांचे स्वतःचे कर्जाचे नंबर पुढं होते त्यांना राग येणं साहजिक होतं. शंभर-शंभर रुपये करून साठवलेला पैसा आहे, तो कुणाच्या बापजाद्याचा नाही. तिसऱ्या बुधवारी आमच्या अध्यक्षांनी ठरवलं, की बैठक ताईच्या ओसरीवरच घ्यायची. सगळ्या गेलो. पोरगं प्लॅस्टर घालून बाजेवर पडलं होतं. ताई म्हणाली, “मला तोंड दाखवायला जागा नाही.” आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, “तोंड कशाला दाखवतेस, वही दाखव.” ताई रडत होती ती हसली.

त्या बैठकीत ठरलं, की ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर फक्त व्याज घ्यायचं आणि नोव्हेंबरपासून दीड हजारांचे पाच हप्ते. ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. आज त्यातले तीन हप्ते आलेत, दोन राहिलेत. पोरगं परत पुण्याला गेलंय. पाऊस असला की रात्री नऊनंतर गाडी काढत नाही.

आता दुसऱ्या घराचं सांगतो. आमच्या एका मैत्रिणीची मुलगी पार्लरचा कोर्स करून पुण्यात ॲपवरून घरोघरी काम करते. तिची कमाई या मुलाच्या जवळपासच आहे, पण तिच्याकडे पैसे राहतात. कसे, ते तिला विचारलं. तिनं दोन खाती ठेवलीत. ॲपचे पैसे एका खात्यात येतात, त्या खात्याचं कार्ड ती जवळ ठेवत नाही. दर सोमवारी ठरलेले पैसे खर्चाच्या खात्यात घेते. क्रीम, वॅक्स, टॉवेल, किट हा खर्च ती कमाई धरतच नाही. म्हणते, “ते माझं बी-बियाणं आहे. बियाणं खाल्लं तर पेरायचं काय?” शिवाय पोस्टात दरमहा हजार रुपयांची आवर्ती ठेव भरते. पोस्टात ती शंभर रुपयांपासून चालू करता येते, पाच वर्षांची असते.

तिनं जपून राहायच्याही गोष्टी सांगितल्या. नव्या पत्त्यावर जाताना मोबाइलवरून खोलीतल्या मैत्रिणीला लोकेशन पाठवायचं. घरात फक्त पुरुष असेल आणि बुकिंग बाईच्या नावावर असेल, तर आत पाऊल टाकायचं नाही, काम रद्द झालं तरी चालेल. ११२ नंबर पाठ ठेवायचा. कामावर लावतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर त्या कंपनीच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन खात्री करायची. आणि घरबसल्या मोबाइलवर लाइक करा, पैसे मिळवा, असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजायचा. ते आधी शंभर-दोनशे देतात, मग हजारो भरायला लावतात. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शहरात जाऊन सुटं काम करणं आपल्याला नवं नाही. पारनेर, अकोले, संगमनेरची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, त्याला शंभर वर्षं झाली असतील. बायका-पोरं गावाला आणि गडी मुंबईला. त्या गिरणी कामगारांना जेवू घालायचं काम गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आपल्या छोट्या खोल्यांत करायच्या. त्याही आपापल्या एकट्या होत्या. किराणा उधारीवर, व्याज भारी, आणि संप झाला की जेवणारे पैसे कुठून देणार? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकटीला बँक दारात उभी करत नव्हती, त्याच बायकांना गटानं राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं, सावकाराचा पाश सुटला. आज आपली पोरं तशीच एकेकटी गाडीवर फिरतात. त्यांच्या मागे गट उभा राहिला तर त्यांनाही बळ येईल, असं आम्हाला वाटतं.

आता सरकारी बाजू. निती आयोगानं २०२२ साली अहवाल काढला. त्यात २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज होता आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं होतं. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात पहिल्यांदा गिग कामगार हा शब्द कायद्यात आला. ॲप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे. पण ज्याची नोंद नाही त्याला निधीतलं काय मिळणार? म्हणून ई-श्रम पोर्टलवर नोंद करायची. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो. नोंदणीला पैसे लागत नाहीत. बारा अंकी नंबर मिळतो, तो जपून ठेवायचा.

दोन स्वस्त विमे बँकेत मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला फक्त २० रुपयांचा, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख. मात्र मोडलेल्या हाडाचा खर्च यातून मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. दुसरा जीवन ज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०. दोन्ही खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणून मे महिन्याअखेर खात्यात पैसे असले पाहिजेत. अटल पेन्शनमध्ये अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिना २१० रुपयांत साठीनंतर पाच हजारांची पेन्शन बसते. पंचविशीत सुरू केलं तर त्याच पेन्शनला ३७६ रुपये लागतात. उशीर महाग पडतो.

काही कंपन्या पैसे देताना त्यातून आयकर कापून घेतात. उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल, तर वेळेत विवरणपत्र भरून तो परत मिळतो. पोरांना विचारा, भरलं का म्हणून.

आणि साठवलेला पैसा ठेवायचा कुठं? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार दुखरा आहे. शंभर वर्षांहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०२३ ला रद्द केला. कितीतरी घरांचे पैसे अडकले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो, मग व्याज कितीही जास्त असो. शेअर बाजारात महिन्याला दहा टक्के देतो असं कुणी सांगितलं, तर तो आपल्या पोरांचे रस्त्यावरचे तास लुटायला आलाय असं समजा.

आता शेवटचं. या सगळ्यातून आमच्या गटानं कर्जाचा नवा नियम केलाय. शहरातल्या कामासाठी कर्ज मागितलं तर आम्ही पाच गोष्टी विचारतो.

एक, आठवड्याचा हिशोब लिहून आणा : ॲपवर काय येणार आणि खर्च वजा जाता काय राहणार.

दोन, ई-श्रमची नोंद आणि वीस रुपयांचा विमा झालाय का.

तीन, कंपनीचा विमा कधी लागू होतो आणि कधी नाही, हे पोरानं स्वतः वाचून आम्हाला सांगायचं.

चार, रेशनकार्ड आणि आधारचा फोटो त्याच्या आणि खोलीतल्या एका मित्राच्या मोबाइलमध्ये पाहिजे.

पाच, दर आठवड्याला ठरलेली रक्कम आईच्या किंवा बायकोच्या खात्यावर. तीन महिन्यांचा गाडीचा हप्ता जमेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

सुरुवातीला काही जणी म्हणाल्या, एवढं विचारलं तर पोरं दुसरीकडून कर्ज घेतील. तसं झालं नाही. गेल्या महिन्यात दोन पोरं स्वतःहून वही घेऊन बैठकीला आली. एकानं हिशोब मांडला आणि स्वतःच म्हणाला, “मावशी, नवी गाडी नको. जुनीवर भागतंय.” आमचं चाळीस हजारांचं कर्ज पंधरा हजारांवर आलं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. ज्यांचं लेकरू शहरात आहे त्यांनी त्याला फोन लावायचा आणि ‘किती कमावलंस’ असं विचारायचं नाही. विचारायचं, “या आठवड्यात पेट्रोल वजा जाता किती राहिले? आणि जेवलास का?” दोन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवा.

आम्ही अकराजणी तुमचा निरोप घेतो. नमस्कार.